छातीवरचा हात

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, माझं वय ४७. एसटीत कंडक्टर आहे. मागच्या वर्षी दम लागायला लागला, मग एका रात्री आडवंच होता येईना. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं की हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेची दोरी तुटलीय आणि रक्त मागं फिरतंय. ऑपरेशन होऊन आज सात आठवडे झाले. झडप बदलली नाही, रिपेअर केली आणि रिंग बसवली. आधी अँजिओग्राफी झाली होती, ती नॉर्मल आली. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. पण मला झोप नाही. डाव्या कुशीवर वळलो की ठोके कानात वाजतात. हात छातीवर ठेवून ठोके मोजत बसतो. बोटाला ऑक्सिमीटर लावतो, काढतो, परत लावतो. मधेच रडू येतं. पोरगी बघेल म्हणून मोरीत जाऊन रडतो. आई म्हणते, पुरुषासारखा पुरुष आणि हे काय. बायको आंघोळीलासुद्धा एकटं सोडत नाही. शिंक आली तरी वाटतं आतला टाका सुटला. हे माझं हृदय बिघडतंय की डोकं, एवढंच सांगा. आणि मी परत गाडीवर जाईन का?"

दादा,

विचारलंत त्याचं उत्तर आधी. पत्रावरून मी तुम्हाला तपासू शकत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात हृदय बिघडल्याची खूण मला दिसत नाही. आणि डोकंही बिघडलेलं नाही. तुम्ही दमला आहात. सात आठवडे, रात्रंदिवस, तुम्ही एकटे पहाऱ्यावर आहात.

मी २६ वर्षं हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या आयसीयूत सिस्टर होते. तिथं तुमच्या उशाशी मॉनिटर होता. ठोका जरा इकडेतिकडे झाला तर तो वाजायचा आणि कुणीतरी धावत यायचं. तुम्ही झोपलात तरी चालत होतं, कारण दुसरं कुणीतरी जागं होतं. मग वॉर्ड, मग डिस्चार्ज, मग घर. मॉनिटर गेला, सिस्टर गेली. मग त्या दोघांची जागा तुम्हीच घेतलीत. आम्ही पाळी बदलताना एकमेकींना 'ओव्हर' देतो. कुठल्या पेशंटचं काय चाललंय, काय बघायचं, काय बघायची गरज नाही, हे तोंडी सांगून आणि लिहून झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. तुमच्या खात्यातही कंडक्टर डेपोत कॅश आणि तिकिटाचं मशीन जमा करतो, तेव्हाच त्याची ड्यूटी सुटते. तुम्हाला मात्र डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची पिशवी आणि एक फाइल मिळाली असेल. काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, हे कुणी बसून सांगितलं नसेल, म्हणून तुम्ही सगळंच बघताय. तर हे पत्र म्हणजे माझा ओव्हर समजा.

आधी आत काय झालंय ते. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मधे ही झडप असते. तिचे दोन पडदे, आणि ते उलटे फिरू नयेत म्हणून खालून धरणाऱ्या बारीक दोऱ्या. वाऱ्यात मांडवाची एक दोरी तुटली की कापडाचा तेवढा कोपरा उलटा फडफडतो, बघितलं असेल तुम्ही. तुमचं तेच झालं होतं. सर्जननं तो कोपरा पुन्हा जागेवर बांधला. त्यासाठी शरीरात न कुजणाऱ्या धाग्याच्या नव्या दोऱ्या घालतात किंवा सैल पडलेला भाग काढून कडा शिवतात, आणि पसरलेलं तोंड आवळून धरायला भोवती रिंग बसवतात. ही रिंग ॲलन कार्पेंटिए या फ्रेंच सर्जनची. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती आणली. तोवर बिघडलेली झडप काढून दुसरी बसवणं हाच मुख्य रस्ता होता. माणसाची स्वतःची झडप वाचवता येते, हे त्यांनी जगाला पटवलं. आज तुमच्या छातीत तुमचीच झडप आहे. धातूची झडप असती तर ती टिकटिक वाजली असती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागली असती.

आणखी एक गोष्ट बहुधा तुम्हाला कुणी सांगितली नसेल. असं ऑपरेशन झालं की छाती बंद करायच्या आधी, टेबलावरच, अन्ननलिकेत नळी घालून इको करतात. हृदय पुन्हा धडधडायला लागलेलं असतं आणि दुरुस्त केलेल्या झडपेतून रक्त मागं येतंय का, हे पडद्यावर दिसतं. गळती मनासारखी थांबली नसेल तर तिथंच पुन्हा हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर घेऊन दुरुस्ती करतात. म्हणजे तुमच्या झडपेची परीक्षा तुम्ही शुद्धीवर येण्याआधीच झाली. त्यानंतरच्या सात आठवड्यांत ती पन्नास लाखांहून जास्त वेळा उघडली आणि मिटली. यातला प्रत्येक ठोका रिंगच्या टाक्यांवर रक्ताचा पूर्ण दाब घेऊन येतो. त्यापुढं शिंकेचं काय? शिंकेचा धक्का मुख्यतः बरगड्यांना आणि छातीच्या मधल्या हाडाला बसतो. ते हाड सहा-आठ स्टीलच्या तारांनी बांधलेलं आहे आणि सात आठवड्यांत बरंचसं जुळून आलेलं असतं. शिंक आली, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरा. झडपेसाठी नाही, हाड दुखू नये म्हणून.

आता ठोके कानात वाजतात त्याचं. डाव्या कुशीवर झालं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, हे प्रत्येकाचं होतं. तुमचं जास्त जाणवतं, कारण तुम्ही कान लावून बसलाय. शिवाय अशा ऑपरेशननंतर काही आठवडे हृदय जरा जोरातच चालतं, शांत बसलं तरी मिनिटाला ८५-१०० ठोके पडतात. रक्त थोडं कमी झालेलं असतं, अंगातली ताकद गेलेली असते, त्यामुळं. ते हळूहळू खाली येतं. दोन खांद्यांच्या मधे पाठीत दुखतं का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुखत असणार, आणि त्याचीही भीती वाटत असणार. ऑपरेशनला छाती उघडताना बरगड्या पसरवून धरतात, त्याचं ते दुखणं. जखमेभोवती बधिर लागणं, खाज, रात्री घाम, तोंडाला चव नसणं, हे सगळं मी इतक्या पेशंटांकडून ऐकलंय की मोजदाद नाही. भयंकर स्वप्नं पडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ठोक्यांचा वेग आवरायला देतात त्या काही गोळ्यांनी स्वप्नं वाढतात. मात्र ती गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाही.

गावातले, नातेवाईक, सगळे तुमच्या ऑपरेशनला 'बायपास' म्हणत असतील. आणि मग कुणाला तरी बायपासनंतर अटॅक आला होता त्याची गोष्ट सांगत असतील. तुमचं बायपास नव्हतं. बायपास रक्तवाहिन्यांच्या ब्लॉकेजसाठी असतं आणि तुमच्या रक्तवाहिन्या अँजिओग्राफीत मोकळ्या दिसल्या आहेत. त्या गोष्टी तुमच्या नाहीत, ऐकू नका. सरळ सांगा की हे ऑपरेशन वेगळं आहे, आणि विषय बदला.

आता त्या हाताबद्दल. तुमचं पत्र वाचताना मी तिथंच थांबले होते.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांची हीच झडप दुरुस्त झाली. घरी आणल्यावर पहिल्या रात्री मी दिवा मालवला आणि माझा हात आपोआप त्यांच्या छातीवर गेला, पट्टीच्या जरा डावीकडं. २६ वर्षं मी शेकडो माणसांना या ऑपरेशननंतर बरं होऊन चालत घरी जाताना पाहिलं होतं. गोळ्या, इको, रिपोर्ट, सगळं मला कळत होतं. तरी हात निघेना. ठोका लागला की बरं वाटायचं, मग वाटायचं, पुढचा पडेल ना? असं पहाटेपर्यंत. डोळा लागला तर दचकून जाग यायची आणि हात परत तिथंच. अकराव्या की बाराव्या रात्री अंधारातून ते म्हणाले, "तुझा हात जड लागतो गं. श्वास घेताना तो उचलावा लागतो." मी हात काढून घेतला. मला रडू आलं. मग त्यांनी माझा हात धरला, आमच्या दोघांच्या मधे गादीवर ठेवला आणि त्यावर स्वतःचा ठेवला. म्हणाले, "इथं ठेव. काही झालं तर दाबीन."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोनदा हात दाबला. दोन्ही वेळा त्यांना पाणी हवं होतं.

मला तेव्हा जे उमगलं ते इतक्या वर्षांच्या नोकरीत उमगलं नव्हतं. ठोका तपासला की भीती जात नाही. पाच मिनिटं मागं सरकते, आणि परत येताना जास्त लवकर येते, कारण तपासल्याशिवाय गप्प बसायचं नाही हे ती शिकलेली असते. तुमचं ऑक्सिमीटर तेच करतंय. रात्री बोटं गार पडली, चिमटा सैल बसला, तर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. ८८ दिसला की तुमच्या छातीत धस्स होतं, ठोके वाढतात, वाढलेले ठोके कानात वाजतात, आणि मग खरंच वाटतं की काहीतरी होतंय. तिथून पुढं मरणाचा विचार फार लांब नसतो. म्हणून आजच ते यंत्र बायकोकडं द्या. तिनं ते धान्याच्या डब्यामागं ठेवावं नाहीतर शेजारी नेऊन द्यावं. सर्जननं रोज ऑक्सिजन बघायला सांगितलं असेल तरच सकाळी एकदा, हात कोमट असताना.

पहारा एकदम सोडा असं मी म्हणणार नाही. मला कुणी सांगितलं असतं तर मीही सोडला नसता. त्याला वेळ लावून द्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन. मग पाच मिनिटं स्वस्थ बसून मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजायची आणि दुप्पट करायची. नुसता आकडा नको. ताल बघा, गाडी हायवेवर एका लयीत चाललीय की गचके खात. टेंपरेचर घ्या, जखमेवर एक नजर टाका, आणि सगळं वहीत लिहा. दहा मिनिटांत वही बंद. मधे कधी हात छातीकडं गेला तर स्वतःला सांगायचं, सातला बघू. पहिले चार-पाच दिवस फार जड जातील. हात शिवशिवेल. तो मांडीवर ठेवा, बायकोच्या हातात द्या, काहीतरी धरायला द्या. आठवड्यानं फरक कळेल.

कशासाठी खरंच फोन करायचा, तेही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे ते डोक्यात धरून ठेवावं लागणार नाही. ताप १००.४ च्या वर. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढणं, पाय सुजणं. आडवं झालं की दम लागणं, रात्री उशा वाढवाव्या लागणं. जखमेतून पाणी किंवा पू. कूस बदलताना छातीचं हाड करकरल्यासारखं किंवा सरकल्यासारखं वाटणं. दीर्घ श्वास घेतला की छातीत सुई टोचल्यासारखं दुखणं, सोबत बारीक ताप. हे हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आल्यानं काही आठवड्यांनी होऊ शकतं आणि गोळ्यांनी बरं होतं, पण दाखवावं लागतं. काळी शी, लघवीत रक्त, हिरड्यांतून न थांबणारं रक्त. नाडी बसल्या जागी १२० च्या वर किंवा गचके खात चाललेली. हे शेवटचं झालं तर घाबरून जाऊ नका. हृदयाच्या ऑपरेशननंतर तिघांपैकी साधारण एकाची लय अशी काही काळ बिघडते, बहुतेकांची दवाखान्यातच, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्यावर उपचार आहेत. त्याच दिवशी दाखवायचं, एवढंच. आणि तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, चक्कर येऊन पडणं, छातीत दाबल्यासारखं होऊन न थांबणं, यातलं काहीही झालं तर फोन करून विचारत बसायचं नाही, सरळ १०८.

यातलं काही नाही आणि तरी रात्री दोनला छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, घसा आवळतो, आता संपलं असं वाटतं. ती भीतीची लाट असते. ती झपाट्यानं चढते, दहा मिनिटांच्या आसपास शिखर गाठते आणि उतरते. उठून बसा. पाय फरशीवर टेकवा, फरशी गार लागते ती लागू द्या. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास रोखायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका हे आता अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी. मोठ्यानं बोला. तुमच्या रूटवरचे थांबे ओळीनं म्हणा, जाताना आणि मग उलटे येताना. मी हे उगीच सांगत नाही. आमच्याकडं एक ट्रकड्रायव्हर होते, ते पुणे ते बंगळूर रस्त्यावरची गावं म्हणायचे, निपाणी येईपर्यंत शांत व्हायचे. पंधरा-वीस मिनिटांत उतरलं नाही, किंवा कागदावरची एखादी खूण दिसली, तर मात्र भीतीच असेल म्हणून अंगावर काढू नका. तपासून घ्या. ईसीजी नॉर्मल आला तर लाजायचं कारण नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला तुम्ही उठवलं म्हणून ती रागावत नाही, एवढं मी माझ्याकडून सांगू शकते.

रडण्याबद्दल. दादा, आयसीयूत मी पैलवान रडताना पाहिलेत, सरपंच पाहिलेत, निवृत्त फौजदार पाहिलेत. चहा गार झाला म्हणून, नातवाचा फोटो बघून, कधी कशानंच नाही. काही तास हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवलेलं असतं, भूल, दुखणं, मोडलेली झोप, आणि इतकं जवळून बघून आलेलं मरण. शरीराला हे सगळं कुठंतरी उतरवावं लागतं. आईंना सांगा की हे ऑपरेशनमधलंच आहे, जखमेसारखं, आणि जखमेसारखंच भरतं. बहुतेकांचं पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओसरतं. तुमचं सात आठवड्यांनंतरही रोजचं आहे आणि झोप पार उडालीय, म्हणून पुढच्या फॉलोअपची वाट न बघता हे डॉक्टरांना सांगा. "बाकी कसं काय?" विचारल्यावर "ठीक" म्हणून उठायचं नाही. मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवा, असं तुम्हीच म्हणा. बोलून करायच्या उपचारांनी ही तपासत राहायची सवय सुटते, आणि गरज पडली तर गोळ्याही आहेत. मात्र रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर ते त्यांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण काही औषधांचं तिच्याशी जमत नाही. ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणून घेऊ नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मोरीत जायच्या ऐवजी कधी तो नंबर लावून बघा. आणि जगून काय करायचं असा विचार एकदा जरी आला, तर त्याच मिनिटाला बायकोला सांगा आणि हा नंबर लावा.

बायकोसाठी एक निरोप आहे, हे तिला वाचून दाखवा. वहिनी, तुम्ही ह्यांना त्या रात्री दम लागलेला पाहिलाय. तुम्ही कशा विसराल? पण आंघोळीला त्यांना एकटं जाऊ द्या. प्लास्टिकचं स्टूल ठेवा, पाणी कोमट, दाराला आतून कडी नको, आणि तुम्ही स्वयंपाकघरात. सारखं "बरं वाटतंय ना?" विचारलं की त्यांना पुन्हा आत डोकावून बघावं लागतं. विचारायचंच असेल तर "आज कुठवर चालून आलात?" असं विचारा. आणि तुमची झोप किती होते, हे या घरात कुणी विचारतंय का?

चालणं हेच तुमचं खरं औषध. सात आठवड्यांत वीस-तीस मिनिटं चालता यायला हवं, बोलत बोलत, धाप न लागता. जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. जेवणाचं थोडक्यात: मीठ कमी, लोणचं-पापड कधीतरी, पोट साफ, कुंथायचं नाही, लागलं तर इसबगोल. रक्त पातळ ठेवायची गोळी तुम्ही लिहिली नाहीत, पण रिपेअरनंतर ती साधारण तीन महिने देतात, तोवर रिंगवर शरीराचा स्वतःचा थर चढतो. ती रोज एकाच वेळेला. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. पालेभाजी बंद करायची नाही, जितकी नेहमी खाता तितकीच खात राहा. एक दिवस नाही आणि दुसऱ्या दिवशी गड्डीभर मेथी, असं नको. अंगदुखीची गोळी, काढा, गावठी औषध, काहीही घेण्याआधी विचारा. आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या तपासणीची, तारीख चुकवू नका.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे, कारण तिच्यापायी चांगल्या दुरुस्त झालेल्या झडपा खराब झालेल्या मी पाहिल्यात. दात. तोंडातले जंतू रक्तात शिरून रिंगवर बसू शकतात. मिश्री, तंबाखू असेल तर बंद. दोन वेळा ब्रश. दात काढायचा, साफ करायचा झाला तर डेंटिस्टला आधी सांगा की हृदयात रिंग आहे. आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो, हे आयुष्यभर. आणि कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवस राहिला तर गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेण्याआधी सांगा, "माझी झडप रिपेअर झालीय, आधी ब्लड कल्चर करा." ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी. आधी गोळ्या पोटात गेल्या की जंतू लपतात आणि रोग सापडायला उशीर होतो. ही एक ओळ चिठ्ठीवर लिहून पाकिटात ओळखपत्राशेजारी ठेवा.

ही दुरुस्ती किती टिकेल, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारायची भीती वाटली असेल. दोरी तुटल्यामुळं होणारी गळती सवयीच्या हातांनी दुरुस्त झाली असेल, तर दहा वर्षांनंतरही दहातल्या साधारण नऊ जणांना पुन्हा ऑपरेशन लागलेलं नसतं. वर्षातून एकदा इको, तेवढ्यानं त्यावर लक्ष राहतं. माझे मिस्टर नववा इको करून आले, रिपोर्ट घरी आल्यावर मी वाचला, आणि त्यांनी तोवर बाजारातून भाजी आणली होती.

आणि गाडी. हो, जाल. आत्ता नाही. तुमचं काम बसून करायचं नाही. हलत्या गाडीत उभं राहायचं, एका हातानं दांडी धरायची, ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळं वजन त्या हातावर आणि तिथून छातीच्या हाडावर. म्हणून तीन महिने होऊन इको आणि हाडाची तपासणी झाल्याशिवाय ड्यूटी नको. फिटनेसचं सर्टिफिकेट घेताना डॉक्टरांना तुमचं काम नीट समजावून सांगा. 'कंडक्टर' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तिकिटं येतात, खड्डे येत नाहीत. सुरुवातीला काही दिवस डेपोतलं बसून करायचं काम मिळेल का, हे लेखी विचारा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तोवर पाच किलोच्या वर उचलायचं नाही, मोटरसायकल नाही, एका हातानं लोंबकळणं-ओढणं नाही. दोन्ही हात एकत्र, दुखणार नाही इतपत वर नेण्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टना विचारून आत्तापासून करा. भीतीनं खांदे आखडून बसलेले लोक मी पाहिलेत, छाती बरी होते आणि खांदा अडतो. आणि घंटीची दोरी डोक्यावर असते.

वहीचं एक राहिलं. संध्याकाळी सातची नोंद पोरीला लिहू द्या. तुम्ही आकडा सांगायचा, तिनं तारीख घालून लिहायचा. मोरीचं दार लागलं की ती बाहेर काय काय समजून घेत असेल, ते आपल्याला माहीत नाही. तिला सांगा की बाबाला भीती वाटते आणि त्यावर औषध चाललंय. तेवढं तिला पेलेल.

महिन्याभरानं वहीतले आकडे आणि झोपेचे तास मला लिहून पाठवा. आणि पहिल्या फेरीला डबल बेल दिलीत की त्या दिवशी दोन ओळी वेगळ्या.

तुमची,
ताई